कोलेस्टेरॉलच्या गोळीने लिव्हर खराब होते का?

"डॉक्टर, ती कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली मी. लिव्हर खराब होते म्हणते ना तिनं."

समोर बसलेले काका कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. वर्षभरापूर्वी नागपूरला अँजिओप्लास्टी झालेली, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. एका तपासणी शिबिरात रक्त दिले आणि रिपोर्टमध्ये एसजीपीटी ७२ आले. नॉर्मल ४० पर्यंत, म्हणून त्या आकड्याभोवती कुणीतरी लाल पेनाने गोल केलेला. पुतण्याने मोबाइलवर शोधले आणि निकाल लागला: दोष रात्रीच्या ॲटोर्वास्टॅटिनचा. रक्त पातळ करणारी गोळी चालू, बीपीची चालू, फक्त हीच बंद. दोन महिने झाले होते.

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माझ्या प्रॅक्टिसमध्ये हा संवाद आठवड्यातून एकदा तरी होतोच. गोळी सोडणाऱ्यांना मी रागावत नाही, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात मधुमेह असलेल्या एका मावशींचे एसजीपीटी ६८ आले. मी घाबरलो आणि स्टॅटिन बंद केले. बिलिरुबिन पाहिले नाही, सोनोग्राफी केली नाही, महिन्याने पुन्हा तपासलेही नाही. गोळी बंद ती बंदच राहिली. दीड वर्षाने मावशींची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. गोळी चालू असती तर झटका आलाच नसता, असे मी म्हणू शकत नाही. पण बंद करण्याचे कारण चुकीचे होते, हे आज नक्की सांगू शकतो.

झटका म्हणजे पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार आहे अशी समजूत अजून आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे शोधली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात निघाले. साधारण सातातला एक मृत्यू. त्यातले बहुतेक घरीच गेले. जिथे मलेरिया आणि सर्पदंशाचीच चर्चा होते, तिथली ही गोष्ट आहे. वाढलेले बीपी, खर्रा, साखर आणि कोलेस्टेरॉल ही मंडळी जंगलातही पोचली आहेत. म्हणून ही गोळी कुणी, कोणत्या कारणाने बंद करतो, याला इथे मोठा अर्थ आहे.

गोळीचा आणि लिव्हरचा संबंध काय?

आपल्या शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल जेवणातून येत नाही, ते शरीर स्वतः बनवते आणि त्यात मोठा वाटा लिव्हरचा. ज्या एन्झाइमच्या मदतीने ते बनते, त्याला स्टॅटिन गटातली औषधे अडवतात. ॲटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन ही याच घरातली भावंडे. लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल कमी बनू लागले की लिव्हरच्या पेशी रक्तातले एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जास्त ओढून घेतात. रक्तातली पातळी उतरते. म्हणजे औषध लिव्हरमध्येच काम करते आणि 'लिव्हरवर परिणाम' हे शब्द तिथूनच आले. परिणाम आहेच, त्यासाठीच तर गोळी देतो. परिणाम आणि इजा या मात्र दोन वेगळ्या गोष्टी.

स्टॅटिन 'केमिकल' आहे म्हणून नको, असेही लोक म्हणतात. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना १९७० च्या दशकात पहिले स्टॅटिन बुरशीत सापडले. पेनिसिलिनसारखीच जन्मकथा. १९८७ मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिन बाजारात आले, तेही बुरशीतूनच मिळालेले. सुरुवातीच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत आणि मोठ्या डोसवर लिव्हरची एन्झाइम वाढलेली दिसली, म्हणून दर काही महिन्यांनी लिव्हरची तपासणी करा, अशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात छापली गेली. लाखो लोकांनी वर्षानुवर्षे गोळ्या घेतल्या, नोंदी जमल्या. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने ही नियमित तपासणीची सूचना काढून टाकली. स्टॅटिनमुळे लिव्हरला गंभीर इजा होणे फार दुर्मीळ आहे, ती आधी सांगता येत नाही, आणि ठरावीक काळाने रक्त तपासून ती पकडताही येत नाही, असे त्यांचे कारण होते. सूचना गेली, भीती राहिली.

आता गोळी सुरू करताना एकदा लिव्हरची तपासणी करावी. मी दोन-तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल पाहतो तेव्हा एसजीपीटीही बघून घेतो. त्यानंतर त्रास झाला किंवा दुसरे काही कारण निघाले तरच. भामरागड किंवा एटापल्लीकडच्या माणसाने केवळ एसजीपीटीसाठी दर तीन महिन्यांनी दिवसाची मजुरी बुडवून लॅब गाठावी, याला काही अर्थ नाही.

७२ म्हणजे किती?

एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशीतले एन्झाइम आहे. पेशीला थोडा ताण आला तरी ते रक्तात झिरपते. त्यामुळे हा आकडा लिव्हरची ताकद मोजत नाही. ताकद कळते ती बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याच्या वेळेवरून, म्हणजे पीटी-आयएनआरवरून. ही तिन्ही ठीक असतील आणि फक्त एसजीपीटी थोडे वाढलेले असेल, तर घरात पाहुणा आला आहे एवढेच कळले. पाहुणा कोण, ते शोधायचे बाकी आहे.

डॉक्टर साधारण तिप्पट ही रेषा धरतात. नॉर्मल ४० असेल तर १२०. स्टॅटिन घेणाऱ्यांत एसजीपीटी तिपटीच्या वर जाणारे शंभरात एकाच्या आसपास असतात, मोठ्या डोसवर थोडे जास्त. त्यातही अनेकांचे आकडे डोस कमी केल्यावर, कधी कधी काहीच न करता, खाली येतात. तिपटीच्या आत असेल, डोळे पिवळे नसतील, भूक नीट असेल, तर गोळी बंद करायची नाही. महिना-दीड महिन्याने पुन्हा तपासायचे आणि मधल्या काळात खरे कारण शोधायचे. एसजीपीटी तिपटीच्या वर आणि सोबत बिलिरुबिनही दुपटीच्या वर असेल, तर मात्र गोळी लगेच थांबवायची आणि मोठ्या दवाखान्यात दाखवायचे. हे दोन आकडे एकत्र वाढणे धोक्याचे, मग कारण कुठलेही असो.

लिव्हरला चरबी असलेल्यांना ही गोळी चालते का, हा पुढचा प्रश्न. चालते, आणि बहुतेकांना तीच हवी असते. फॅटी लिव्हर असलेली माणसे लिव्हरपेक्षा हृदयविकाराने जास्त जातात. ग्रीसमधल्या एका अभ्यासाचे विश्लेषण २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. हृदयरोग आणि सोबत लिव्हरचे आकडे मध्यम वाढलेले ४३७ रुग्ण त्यात होते. ज्यांना स्टॅटिन मिळाले त्यांचे आकडे सुधारले, ज्यांना मिळाले नाही त्यांचे आणखी वाढले. हृदयविकाराचा झटका वगैरे घटना स्टॅटिनवाल्यांत सुमारे १० टक्के, बाकीच्यांत सुमारे ३० टक्के. मूळ अभ्यास या प्रश्नासाठी आखलेला नव्हता, म्हणून तो शेवटचा शब्द मानू नये. पण 'लिव्हर बिघडले म्हणून स्टॅटिन नको' या समजुतीच्या तो बरोबर उलटा जातो.

मग आकडा वाढवला कुणी?

इथे पुस्तकापेक्षा आपला जिल्हा जास्त कामाला येतो.

पहिला प्रश्न दारूचा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला झाली, २०२१ मध्ये उठली. कायदा काहीही असो, मोहाची दारू गावात असते हे मला माहीत आहे आणि रुग्णालाही माहीत आहे. कायद्याच्या धाकाने लोक डॉक्टरलाही सांगत नाहीत, ही आमची खास अडचण. म्हणून मी "पिता का?" असे विचारतच नाही. "आठवड्यात किती दिवस होते?" असे विचारतो. दारूत बहुधा एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा जास्त वाढते, गॅमा जीटीही वाढते. रिपोर्ट पाहून मला अंदाज येतोच, पण तोंडाने सांगितलेले बरे.

दुसरा पाहुणा मलेरिया. पावसाळ्यात आणि नंतर ताप येऊन गेला असेल तर लिव्हरचे आकडे काही काळ वाढलेले राहतात, फाल्सिपेरममध्ये कावीळही होते. थंडी-ताप आणि पिवळे डोळे दिसले की आधी रक्ताची काच किंवा किट, नंतर बाकी चर्चा.

तिसरा सिकलसेल. आपल्याकडे तो भरपूर आहे. सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी फुटत राहतात, त्यामुळे डोळे कायम किंचित पिवळे असू शकतात आणि बिलिरुबिन, एसजीओटी वाढलेले दिसते. पित्ताशयात खडेही लवकर होतात. अशा माणसाचा रिपोर्ट पाहून 'लिव्हर गेले' म्हणणे चूक. वाहक असलेल्यांत, म्हणजे एएस पॅटर्नमध्ये, हे होत नाही.

क्षयरोगाच्या गोळ्या हा चौथा, आणि खरोखर लक्ष ठेवण्याजोगा. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात, स्टॅटिनपेक्षा कितीतरी जास्त वेळा. उपचार चालू असताना मळमळ, उलटी, भूक मेली, लघवी गडद झाली तर आरोग्य केंद्रात त्याच दिवशी दाखवा. कोणती गोळी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. शिवाय रिफाम्पिसिनमुळे ॲटोर्वास्टॅटिनचा असर कमी होतो, हेही आम्हाला मोजावे लागते.

हिपॅटायटिस बी आणि सी आयुष्यात एकदा तपासून ठेवावेत. आणि झाडपाला. हा विषय नाजूक आहे, कारण माझे अर्धे रुग्ण वैदूकडे जाऊन मगच माझ्याकडे येतात आणि सगळेच औषध वाईट असते असे मी मानत नाही. पण कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी लोकांनी गुळवेलाचे काढे महिनोन्‌महिने प्यायले, आणि मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत आलेल्या अशा सहा रुग्णांच्या लिव्हर-इजेची नोंद प्रसिद्ध केली. 'नैसर्गिक आहे' एवढ्याने लिव्हरची खात्री होत नाही. माझी विनंती एवढीच, की काय घेता ते लपवू नका.

आणखी एक कारण कुणाच्या लक्षात येत नाही: अंगमेहनत. तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटेपासून वाकून पाने तोडलेल्या, किंवा धानाच्या रोवणीत आठ दिवस चिखलात उभ्या राहिलेल्या माणसाचे रक्त तपासले, तर एसजीओटी आणि सीपीके वाढलेले निघू शकते. ते स्नायूंमधून आलेले असते. तपासणी शक्यतो असा हंगाम उतरल्यावर करा.

सुरुवातीच्या काकांचे काय निघाले? पोट सुटलेले, साखर सीमारेषेवर, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. गोळी पुन्हा सुरू केली. चार महिन्यांत पाच किलो वजन उतरले आणि एसजीपीटी ४६ वर आले, गोळी चालू असतानाच.

अंग दुखते, त्याचे काय?

लिव्हरपेक्षा स्नायूंची तक्रार जास्त ऐकू येते आणि तिच्यात थोडे तथ्य आहे. २०२२ मध्ये १९ मोठ्या चाचण्यांचा एकत्र हिशोब प्रसिद्ध झाला. सव्वा लाखाच्या जवळपास माणसे होती, निम्म्यांना स्टॅटिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. स्नायू दुखण्याची तक्रार स्टॅटिनवाल्यांत २७.१ टक्के आणि रिकाम्या गोळीवाल्यांत २६.६ टक्के. म्हणजे गोळी घेणाऱ्याचे अंग दुखले तर दहातल्या नऊ वेळांपेक्षा जास्त वेळा गोळीचा दोष नसतो. जो थोडा असतो तो बहुतेक पहिल्या वर्षात दिसतो.

दुखणे खोटे असते असा याचा अर्थ मुळीच नाही. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही दंड दुखत असतील, उकिडवे बसून उठताना जोर लागत असेल आणि हे गोळी किंवा वाढीव डोस सुरू झाल्यावर काही आठवड्यांत आले असेल, तर सांगा. आम्ही सीपीके आणि थायरॉइड तपासतो. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉलही वाढते आणि स्टॅटिनने स्नायूही जास्त दुखतात. ते दुरुस्त केले की दोन्ही प्रश्न सुटतात. नाहीतर डोस कमी करतो, गोळी बदलतो, कधी एक दिवसाआड रोसुवास्टॅटिन देतो. एक गोळी सोसली नाही म्हणजे सगळे घराणे बाद, असे नसते.

स्नायू खरोखर विरघळू लागणे हा प्रकार वेगळा. अंग प्रचंड दुखते, हातपाय गळतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते. यात मूत्रपिंड निकामी होऊ शकते. अशा वेळी गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सेरिव्हास्टॅटिन नावाचे औषध याच कारणाने २००१ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. आजच्या गोळ्यांत हे क्वचितच होते. आपल्याकडे काळी लघवी मलेरियात होते, चंद्रपूरच्या उन्हात दिवसभर पाण्याविना राबल्यावर होते, जी-६-पीडी कमी असलेल्याने प्रायमाक्विन घेतल्यावरही होते. कारण डॉक्टरला शोधू द्या. दवाखाना मात्र चारही वेळा गाठायचाच.

धोका खरा कुठे आहे?

दोन औषधांच्या भेटीत. स्टॅटिन एकटे असते तेव्हा सहसा सभ्य वागते. आपल्याकडे दमट हवेत गजकर्ण फार. मेडिकलवाला इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल देतो, महिनाभर चालतात. ही कॅप्सूल ॲटोर्वास्टॅटिन आणि विशेषतः सिमव्हास्टॅटिन शरीरातून बाहेर पडू देत नाही. रोज एक गोळी गिळली तरी रक्तात जणू तीन-चार गोळ्या साचतात. खोकल्यासाठी दिले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन हेही तसेच. अशा वेळी आम्ही स्टॅटिन तेवढे दिवस थांबवतो किंवा रोसुवास्टॅटिनवर जातो. गजकर्णाची गोळी सांगितली गेली तर "मी कोलेस्टेरॉलची गोळी घेतो" हे एक वाक्य बोला. ट्रायग्लिसराइडसाठीचे जेमफायब्रोझिल स्टॅटिनसोबत नको. वय ७५ च्या वर, वजन फार कमी, किडनी कमजोर, अशांनाही डोस जपूनच.

साखरेबद्दलही खरे सांगायला हवे. स्टॅटिनने मधुमेहाची शक्यता थोडी वाढते, मुख्यतः ज्यांची साखर आधीच सीमारेषेवर असते त्यांच्यात. २०१६ मध्ये 'लॅन्सेट'ने मांडलेला हिशोब असा: हृदयरोग असलेल्या १०,००० लोकांनी परिणामकारक डोस पाच वर्षे घेतला, तर सुमारे १,००० जण हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटनेतून वाचतात. त्याच १०,००० मध्ये ५० ते १०० जणांना नव्याने मधुमेह होतो, साधारण पाच जणांच्या स्नायूंना खरी इजा होते आणि पाच ते दहा जणांना रक्तस्रावाचा पक्षाघात होऊ शकतो. ज्यांना आधी मेंदूत रक्तस्राव झाला आहे, त्यांचा निर्णय म्हणूनच वेगळा आणि सावकाश घ्यायचा असतो. आणि ज्यांचे हृदय ठीक आहे, वय कमी आहे, बीपी-साखर नाही, फक्त कोलेस्टेरॉल थोडे वाढले आहे, त्यांचा फायदा छोटा असतो. तिथे गोळीआधी खर्रा सोडणे आणि वजन उतरवणे यावर मी जास्त वेळ बोलतो.

गोळी कुणी घेऊ नये? कावीळ चालू असताना, तीव्र हिपॅटायटिसमध्ये, आणि सिरोसिस होऊन पोटात पाणी झालेल्यांनी तज्ज्ञाला विचारल्याशिवाय नाही. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना आम्ही सहसा थांबवतो. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधीच सांगा.

रात्रीच घ्यायची का, असेही विचारतात. सिमव्हास्टॅटिन रात्री. ॲटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन कधीही, जी वेळ चुकणार नाही ती. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता दिवसेंदिवस बंद राहतो, म्हणून त्या बाजूच्या रुग्णांना मी जूनमध्येच तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन ठेवायला सांगतो. जनऔषधी केंद्रातली जेनेरिक चालते.

पुढच्या वेळी येताना फक्त रिपोर्ट आणू नका. घरातल्या सगळ्या गोळ्या, कॅप्सूल, काढ्याची बाटली आणि वैदूने दिलेली पुडी एका पिशवीत घालून घेऊन या. टेबलावर ओतली की पाच मिनिटांत बरेच काही कळते.